कावळा, फांदी आणि १,१४९ मतं

मंडळी, फळ्यावर हा एकच आकडा लिहून मी बाजूला झालो, तेव्हा पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलं, "हा कसला, वर्गणीचा हिशेब का?" नाही. हा आकडा अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचा आहे. तारीख ४ नोव्हेंबर १८८४, मंगळवार. त्या दिवशी त्या राज्यात साडेअकरा लाखांहून जास्त पुरुषांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी मत दिलं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना ५,६३,१५४ मतं पडली आणि रिपब्लिकन पक्षाच्या जेम्स ब्लेन यांना ५,६२,००५. फरक १,१४९. म्हणजे दर हजारी एक मत.

'पुरुषांनी' हा शब्द मुद्दाम वापरला. बायकांना तेव्हा मत नव्हतं. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण या गोष्टीत मत नसलेल्या बायकांचा हात मत असलेल्या पुष्कळ पुरुषांपेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे.

आता एका राज्याच्या आकड्याचं एवढं काय? तिथे राष्ट्राध्यक्ष शेवटी निवडतात ते इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांतून निवडून आलेले प्रतिनिधी. त्या वर्षी देशभरात इलेक्टरांची ४०१ मतं होती आणि जिंकायला २०१ लागत. क्लीव्हलंड यांना मिळाली २१९, ब्लेन यांना १८२. दिसायला फरक बरा आहे. पण त्या २१९ मधली ३६ एकट्या न्यूयॉर्कची, आणि राज्यात जो पुढे त्याला छत्तीसच्या छत्तीस. ती उचलून पलीकडे ठेवा, ब्लेन २१८, क्लीव्हलंड १८३. खेळ खलास. अजून बारीक हिशेब करू. १,१४९ चा फरक मिटवायला तितकी माणसं लागत नाहीत. ५७५ माणसांनी एका बाजूचं मत दुसऱ्या बाजूला दिलं की झालं. ५७५ माणसं म्हणजे किती? आपल्याकडच्या मध्यम लग्नात दोन पंगती उठतात, तेवढी.

काही पुस्तकांत तुम्हाला १,१४९ च्या जागी १,०४७ दिसेल, तेव्हा मला फोन करू नका. दोन्ही आकडे खरे आहेत. तिथला मतदार थेट क्लीव्हलंड किंवा ब्लेन यांना मत देत नव्हता. तो आपल्या पक्षाच्या छत्तीस इलेक्टरांना मत देत होता, आणि प्रत्येक इलेक्टरची बेरीज वेगळी निघे. कोणी कोणाची बेरीज धरली यावर शे-सव्वाशे मतं इकडेतिकडे होतात.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी कधी चुकली नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीला बसलोय. घडी उलगडायची, शिक्का बघायचा, गठ्ठे बांधायचे. शिक्का बरोबर दोन चौकोनांच्या रेषेवर पडला असला की दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी हमरीतुमरीवर येत, आणि मधे मी, झोपेनं डोळे चुरचुरताहेत. त्या मोजणीतून गेलेल्या माणसाला दर हजारी एक मताचा निकाल म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यात न्यूयॉर्कची तेव्हाची रीत आपल्याहून भन्नाट. सरकार मतपत्रिका छापतच नव्हतं! प्रत्येक पक्ष आपापली चिठ्ठी छापून आणायचा. मतदानाच्या जागेबाहेर पक्षाचा माणूस उभा, तो तुमच्या हातात चिठ्ठी देणार. तुम्ही ती घडी घालून पेटीत टाकायची. तुम्ही कोणाची चिठ्ठी घेतलीत हे त्या माणसाला दिसतंय, तुमच्या मुकादमाला दिसतंय, घरमालकाला दिसतंय. सरकारनं छापलेली, गुप्तपणे भरायची मतपत्रिका न्यूयॉर्कमध्ये आली ती १८९० च्या कायद्यानं. म्हणजे आपण ज्या १,१४९ वर एवढा खल करतोय, तो आकडाच मुळात कसल्या काट्यावर तोललाय, ते एकदा मनात धरून ठेवा.

आता माणसं.

क्लीव्हलंड हा न्यूयॉर्क राज्यातल्याच बफेलो शहरातला वकील. अंगानं आडवा, बोलायला रुक्ष, रात्रंदिवस कामाला जुंपलेला. काही वर्षं एरी काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख होता. १८८२ साली बफेलोचा महापौर झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, तोही १ लाख ९२ हजारांच्या मताधिक्यानं. हा आकडा १,१४९ च्या शेजारी लिहून बघा. दोन वर्षांत एवढं लोणी वितळलं कुठे? थोडं उत्तर असं की १८८२ मध्ये रिपब्लिकन आपसातच भांडत होते आणि त्यांचे पुष्कळ मतदार घरी बसले होते. उरलेलं उत्तर असं की गव्हर्नर झाल्यावर या गृहस्थानं आपल्याच माणसांना दुखवायचा धडाका लावला.

न्यूयॉर्क शहरात उंच खांबांवरून आगगाड्या धावत. त्यांचं भाडं गर्दीची वेळ सोडून दहा सेंट होतं, ते सगळ्या वेळी पाच करावं असं विधेयक विधिमंडळानं मंजूर केलं. कामगारांना हवं होतं, सगळ्यांनाच हवं होतं. कंपनी होती जे गुल्ड या कुबेराच्या ताब्यातली, त्यामुळे तिच्याबद्दल कोणालाही दयामाया नव्हती. आणि १८८३ च्या मार्चमध्ये क्लीव्हलंड यांनी विधेयक फेटाळलं. कारण काय, तर सरकारनं कंपनीशी करार केलाय, तो असा मोडता येणार नाही. गंमत म्हणजे विधिमंडळातल्या एका तरुण रिपब्लिकन सभासदानं आधी या विधेयकाच्या बाजूनं मत दिलं होतं, आणि नंतर उभं राहून कबूल केलं की मी चुकलो, गव्हर्नर बरोबर आहेत. त्याचं नाव थिओडोर रूझवेल्ट. पण कामगारांच्या डोक्यात हा राग बसला तो बसला.

दुसरं वैर टॅमनी हॉलशी. टॅमनी म्हणजे न्यूयॉर्क शहरातली डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा. जहाजातून उतरलेल्या आयरिश माणसाला काम लावून देणारी, कोळसा पोचवणारी, मयताला माणसं जमवणारी, आणि बदल्यात मत घेणारी. तिचा नायक जॉन केली. क्लीव्हलंड नेमणुकांत टॅमनीचं ऐकेनात, वर केलींच्या एका लाडक्या सिनेटरला पुन्हा उमेदवारी देऊ नका असं लिहून कळवलं. १८८४ च्या जुलैत शिकागोला पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा टॅमनीची माणसं तिथे जाऊन आपल्याच राज्याच्या गव्हर्नरच्या विरोधात बोलली. त्यावर विस्कॉन्सिनचे जनरल ब्रॅग यांनी जे उत्तर दिलं ते गाजलं. क्लीव्हलंडनं जे शत्रू जोडलेत त्यांच्यासाठी तर आमची पोरं त्याच्यावर प्रेम करतात, असं ते म्हणाले, आणि बोट टॅमनीच्या बाकांकडे होतं.

ब्लेन म्हणजे याच्या नेमका उलट. मेन राज्यातला, आधी वर्तमानपत्राचा संपादक, मग प्रतिनिधिगृहाचा अध्यक्ष, सिनेटर, परराष्ट्रमंत्री. बोलणं मधाळ, चेहरे आणि नावं लक्षात ठेवणारा. त्याची माणसं त्याला 'तुरेवाला वीर' म्हणत. पण या तुऱ्याखाली एक डाग होता. रेल्वे कंपनीच्या रोख्यांच्या व्यवहारात प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षानं हात ओले करून घेतले, असा संशय १८७६ पासून होता. बोस्टनच्या मलिगन नावाच्या हिशेबनिसाकडे त्याची पत्रं होती. १८८४ च्या सप्टेंबरात आणखी पत्रं छापून आली. त्यातल्या एकात ब्लेननं स्वतःच्या निर्दोषत्वाचा दाखला स्वतःच लिहून पाठवला होता, तुम्ही फक्त सही करून परत पाठवा म्हणून, आणि खाली लिहिलं होतं, 'हे पत्र जाळून टाका.' पत्र जाळायला सांगितलेलं कधी जळत नाही, हा तर अनुभवच आहे. डेमोक्रॅटांच्या मिरवणुकांत तेच तीन शब्द घोषणा म्हणून दुमदुमले.

यावर रिपब्लिकन पक्षातले सुशिक्षित, सुधारणावादी लोक फुटले. संपादक, प्राध्यापक, वकील, धर्मोपदेशक. 'हार्पर्स वीकली' हे पक्कं रिपब्लिकन साप्ताहिक, त्यानंही ब्लेनची साथ सोडली. या लोकांना 'मगवम्प' असं नाव पडलं. मूळ शब्द तिथल्या आदिवासी भाषेतला, अर्थ बडा सरदार. आपल्याकडे 'मोठे आले शहाणे' म्हणतात ना, त्या चालीवर तो वापरला गेला. रूझवेल्टना ब्लेन पसंत नव्हता, पण ते पक्ष सोडून गेले नाहीत.

ब्लेनचा डाग सार्वजनिक पैशांचा. क्लीव्हलंडचा खाजगी. जुलै महिन्यात बफेलोच्या एका वर्तमानपत्रानं छापलं की या ब्रह्मचारी गव्हर्नरला मरिया हॅल्पिन नावाच्या विधवेपासून दहा वर्षांचा मुलगा आहे. घाबरलेल्या मित्रांनी काय करू विचारलं, क्लीव्हलंड यांनी तार केली, 'खरं सांगा.' या तारेचं कौतुक आजतागायत होतं. मला ते संपूर्ण करवत नाही. मुलाला अनाथाश्रमात टाकलं होतं, आईला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात. निवडणुकीच्या तोंडावर त्या बाईचं शपथपत्र छापून आलं, त्यात तिनं जबरदस्तीचा आरोप केला होता. रिपब्लिकनांना ते मतांसाठी हवं होतं आणि डेमोक्रॅटांना नको होतं. तिचं पुढे काय, हे दोघांनाही नको होतं. रस्त्यारस्त्यांवर मात्र 'आई गं आई, माझा बाबा कुठाय' हे गाणं म्हणत मिरवणुका निघत.

असा तो ऑक्टोबर चाललेला. आता येऊ २९ तारखेच्या बुधवारी, मतदानाला सहा दिवस राहिलेले. या एका दिवसावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

ब्लेन सहा आठवड्यांचा दौरा करून न्यूयॉर्कला पोचला होता, दमून गेलेला. त्याचा डाव असा होता की टॅमनीच्या हंड्यातलं आयरिश दूध आपल्या भांड्यात थोडं तरी ओतून घ्यायचं. डाव खुळा नव्हता. आयरिश मतदार बहुतेक कॅथलिक, आणि ब्लेनची आई कॅथलिक होती, नात्यातली एक बाई नन होती, आणि परराष्ट्रमंत्री असताना इंग्रजांशी तो खमकेपणानं बोलला होता. इंग्रजांना खडसावणारा माणूस आयरिश लोकांना आवडणारच. न्यूयॉर्कमधलं एक वजनदार आयरिश वर्तमानपत्र त्याच्या बाजूनं उभं राहिलं होतं.

सकाळी फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलमध्ये शेकडो प्रोटेस्टंट धर्मोपदेशक त्याला पाठिंबा द्यायला जमले. ज्यांनी बोलायचं ठरलं होतं ते वेळेवर आले नाहीत, म्हणून सॅम्युएल बर्चर्ड नावाच्या वृद्ध प्रेस्बिटेरियन उपदेशकाला पुढे केलं. बोलता बोलता बर्चर्ड म्हणून गेले की आम्ही रिपब्लिकन आहोत, आमचा पक्ष सोडून आम्ही त्या पक्षाला जाऊन मिळणार नाही, ज्याची पूर्वपीठिका म्हणजे 'रम, रोमनिझम अँड रिबेलियन'. दारू, पोपशाही आणि बंड. तीन 'र' जुळले, उपदेशकाची जीभ सुखावली. पण त्यातला मधला 'र' प्रत्येक कॅथलिकाच्या तोंडावर मारलेली चपराक होता.

ब्लेन शेजारीच उभा. त्यानं उत्तराचं भाषण केलं, आभार मानले, आणि या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ऐकलंच नाही? स्वतःच्या भाषणाचा विचार करत होता? ऐकलं आणि वाटलं, उगाच कशाला उकरा? मला वाटतं तो थकला होता. सभांमधून हार घालून घेणारा थकलेला माणूस समोरचा काय बोलतोय ते ऐकत नसतो, हे मी बऱ्याच सत्कार समारंभांत जवळून पाहिलंय. पण डेमोक्रॅटांचा लघुलेखक तिथे हजर होता आणि त्याचे कान जागे होते. त्याचा कागद प्रचारप्रमुख गॉर्मन यांच्या टेबलावर पोचला. बस्स. पुढचे चार दिवस छापखान्यांना उसंत नव्हती. रविवारी कॅथलिक चर्चांमधून लोक बाहेर पडले तेव्हा दारात हातात पत्रकं. ब्लेननं शनिवारी न्यू हेवनला खुलासा केला खरा, की माझ्या आईच्या धर्माचा अपमान माझ्याकडून कसा होईल. पण तोवर बैल गेला होता आणि हा झोपा केला.

बुधवार अजून संपलेला नाही! संध्याकाळी डेल्मोनिको या शहरातल्या सगळ्यात महागड्या उपाहारगृहात मेजवानी. यजमान देशातले धनाढ्य, जे गुल्ड त्यात आहेच. हेतू प्रचाराला पैसा जमवणं. बाहेर मंदीचं वर्ष, लोकांना काम नाही. दुसऱ्या दिवशी 'वर्ल्ड' या पत्राच्या पहिल्या पानावर रुंदच्या रुंद व्यंगचित्र आलं. बायबलात बेलशस्सर नावाच्या बाबिलोनच्या राजाची मेजवानी आहे, राजा खातोय आणि भिंतीवर त्याच्या नाशाची अक्षरं उमटताहेत. तिथे राजाच्या जागी ब्लेन, भोवती हिरेमाणकं घातलेले शेठ, ताटात 'मक्तेदारीचं सूप' आणि 'गुल्ड पाय', आणि पुढ्यात एक फाटकं कुटुंब हात पसरून उभं. चित्रकार वॉल्ट मॅकडूगल. पत्राचा मालक जोसेफ पुलित्झर. आणि ते पत्र पुलित्झरनं आदल्याच वर्षी विकत घेतलं होतं कोणाकडून? जे गुल्डकडून!

मंगळवारी मतदान झालं. राज्याच्या उत्तरेकडच्या भागात पाऊस होता. रात्री आकडे यायला लागले तसे दोन्ही पक्ष जिंकल्याचे ढोल वाजवू लागले. आकडे येत तारेनं, आणि तारेची वेस्टर्न युनियन कंपनी होती गुल्डच्या हातात. आठच वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, याच न्यूयॉर्कचे गव्हर्नर टिल्डन देशभरात मतं जास्त मिळूनही हरले होते, आणि ते अध्यक्षपद चोरलं गेलं अशी डेमोक्रॅटांची खात्री होती. आता पुन्हा आकडे दाबून ठेवताहेत अशी आवई उठली. जमाव वेस्टर्न युनियनच्या इमारतीवर गेला, 'गुल्डला झाडाला लटकवा' म्हणत. अखेर गुल्डनं स्वतःच क्लीव्हलंडना अभिनंदनाची तार केली. शेठ मंडळींना वारा लवकर कळतो. अधिकृत बेरीज व्हायला पंधरवड्याच्या आसपास लागला.

आणि तेव्हापासून आजतागायत गोष्ट अशी सांगतात, की एका म्हाताऱ्या उपदेशकाच्या तीन शब्दांनी अमेरिकेचं अध्यक्षपद गेलं. सांगायला फार छान. मीही वर्गात वीस वर्षं अशीच सांगितली. मग एकदा निवृत्तीनंतर, दुपारी झोप लागेना म्हणून, आकडे घेऊन बसलो.

बर्चर्ड यांच्या शब्दांनी आयरिश मतदार उलटला असेल, तर ते सगळ्यात आधी कुठे दिसायला हवं? न्यूयॉर्क शहरात. तेव्हाचं शहर म्हणजे मुख्यतः मॅनहॅटन, ब्रुकलिन वेगळं होतं. १८८० साली या शहरात डेमोक्रॅट सुमारे ४१ हजारांनी पुढे होते. १८८४ साली? सुमारे ४३ हजारांनी. वाढ दोन हजारांची. आणि राज्यभरात काय झालं? १८८० ला रिपब्लिकन गारफिल्ड हे राज्यात साधारण २१ हजारांनी जिंकले होते, १८८४ ला ब्लेन १,१४९ नं हरले. म्हणजे तागडं बावीस हजारांनी फिरलं, त्यातले दोनच हजार शहरातून. ब्रुकलिननं आणखी काही हजारांची भर घातली. उरलेली मोठी गळती झाली ती पाऊस पडत होता त्या उत्तरेकडच्या शेतकरी, चर्चला जाणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन असलेल्या मुलखात. तिथे आयरिश कॅथलिक फारसे कुठले! तिथल्या लोकांना तर बर्चर्ड यांचं वाक्य पटलंच असेल.

तिथे काय झालं? तिथे सेंट जॉन झाला.

जॉन सेंट जॉन, कॅन्ससचा माजी गव्हर्नर, मुळात रिपब्लिकन. त्याच्या कारकिर्दीत कॅन्ससनं राज्यघटनेतच दारूबंदी घातली. १८८४ मध्ये दारूबंदीवाल्यांनी रिपब्लिकन पक्षाला विनवलं की जाहीरनाम्यात आमचा मुद्दा घ्या, पक्षानं दाद दिली नाही, तेव्हा तो दारूबंदी पक्षाचा उमेदवार झाला. निवडून येण्याची शक्यता शून्य. माघार घ्या म्हणून रिपब्लिकनांनी त्याची मनधरणी केली, त्यावर तो नेमका उत्तर न्यूयॉर्कमध्ये प्रचाराला जाऊन बसला. या पक्षाला त्या राज्यात १८८० साली दीड हजार मतं होती. सेंट जॉनला पडली जवळजवळ २५ हजार. बावीस हजारांचं तागडं फिरलं म्हणालो ना? ही वाढ त्याहून मोठी आहे.

आणि इथे त्या बायका येतात. फ्रान्सिस विलर्ड यांची ख्रिस्ती स्त्रियांची मद्यपाननिषेधक संघटना त्या वर्षी उघडपणे सेंट जॉनच्या मागे उभी राहिली. पक्षाच्या अधिवेशनात त्याच्या उमेदवारीला अनुमोदनाचं भाषण खुद्द विलर्डबाईंनी केलं. मत एकीलाही नाही. पण गावोगावच्या चर्चांमधून, घराघरातल्या बैठकांतून या बायकांनी नवऱ्याच्या, भावाच्या, मुलाच्या हातात कुठली चिठ्ठी द्यायची ते ठरवलं. पार्टीची चिठ्ठी बाहेरून मिळायची हे मघाशी सांगितलं, मतदार घरून काय ठरवून आला हे मात्र बाहेरच्या मुकादमाला दिसत नव्हतं.

विलर्ड हे नाव आपल्याला परकं नाही. त्या निवडणुकीच्या वेळी आपल्या आनंदीबाई जोशी शेजारच्याच पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाला, वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई पोचल्या, तेव्हा अध्यक्ष होते हेच क्लीव्हलंड. रमाबाईंचा पुढे विलर्डबाईंशी चांगला स्नेह जमला, आणि १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेबद्दल मराठीत जे पुस्तक काढलं, त्यात या मद्यपाननिषेधक बायकांच्या कामाचं मनापासून कौतुक आहे. सांगायचा मुद्दा, मराठी वाचकाला या संघटनेची ओळख सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच झालेली आहे, आपण विसरलो ते वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, ठरलं तर मग, सेंट जॉननं पाडलं. थांबा. सेंट जॉनचा प्रत्येक मतदार ब्लेनकडेच गेला असता असं नाही, काही घरीच बसले असते. शिवाय बर्चर्ड यांना मी पुरतं सोडलेलं नाही. ब्लेनचा डावच होता की शहरात आयरिश मतं फोडून ते ४१ हजार खाली आणायचे. ते खाली आले नाहीत. जी मतं येणार होती आणि आली नाहीत, ती कुठल्याच पेटीत सापडत नाहीत, त्यांची मोजणी कशी करणार?

आणि रॉस्को कॉन्कलिंगला विसरून कसं चालेल? न्यूयॉर्कच्या रिपब्लिकनांचा एकेकाळचा धनी. १८६६ साली ब्लेननं भर सभागृहात त्याच्या चालण्याची टर उडवली होती, टर्की कोंबड्यासारखा छाती काढून चालतो म्हणून. अठरा वर्षं तो ते विसरला नाही. ब्लेनसाठी प्रचार कराल का, असं विचारायला माणसं गेली तर वकिली करत असलेला कॉन्कलिंग म्हणाला, माफ करा, मी फौजदारी खटले घेत नाही! त्याच्या स्वतःच्या वनायडा काउंटीत ब्लेन मागे पडला. एका कोंबड्याच्या उपमेची किंमत ५७५ मतांहून जास्त झाली असणार, नाही का? मग मगवम्प आहेत. मजुरांचा उमेदवार बेंजामिन बटलर आहे, त्याला सुमारे १७ हजार मतं पडली, तीही क्लीव्हलंडच्या नाही तर ब्लेनच्या पारड्यातलीच असतील असं कोणी सांगावं. पुढे बटलर यांनी आरोप केला की आपली मतं मोजताना क्लीव्हलंडच्या नावावर चढवली गेली. आणि पाऊस. चिखलात गाडी घालून दहा मैल जायचं एका मतासाठी, जाऊ दे, घरीच बसू, असं म्हणणारे शेतकरी अख्ख्या राज्यात ५७५ च्या दुप्पट नसतील?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं आपण म्हणतो, त्यात फांदी आधीच कुजलेली असते हे गृहीत असतं. इथे फांदीवर एक कावळा नव्हता, दहा-बारा होते. कोणताही एक उडाला असता तर फांदी टिकली असती. म्हणून प्रत्येक कावळ्याला म्हणता येतं, मी मोडली. बर्चर्डचा कावळा आपल्या लक्षात राहिला, कारण तोच तेवढा यमकात ओरडला. बाकीचे गुपचूप बसले होते.

ब्लेनला स्वतःला काय वाटत होतं? एका मित्राला त्यानं लिहिलं की परमेश्वरानं आमच्यावर उपदेशकाच्या रूपात एक गाढव पाठवलं आणि न्यूयॉर्कमधली मतं कमी करायला वर पाऊस पाठवला, तेव्हा त्याच्या इच्छेपुढे मान तुकवतो. मला या माणसाबद्दल थोडी माया वाटते ती या पत्रामुळे. पण बघा, गाढव आठवलं, पाऊस आठवला. जाळून टाका म्हणून लिहिलेलं पत्र काही आठवलं नाही.

घड्याळाकडे बोट दाखवणारी चिठ्ठी पुढे आलीय, तेव्हा आवरतं घेतो. चार वर्षांनी, १८८८ ला, क्लीव्हलंड पुन्हा उभे राहिले. देशभरात मतं जास्त मिळाली, पण न्यूयॉर्क चौदा हजारांनी गेलं आणि अध्यक्षपदही गेलं. तेव्हा कुठला कावळा बसला होता ते पुन्हा कधी बोलावलंत तर सांगेन.

राहिला सेंट जॉन. रिपब्लिकनांनी बर्चर्ड यांची टिंगल केली, पण खरा राग काढला तो याच्यावर. निकालानंतर गावोगाव त्याचे पुतळे जाळले. मी मघाशी आकडेमोड करून जे सांगितलं, ते त्या लोकांना आकडेमोडीशिवायच कळलं होतं. कॅन्ससच्या पश्चिमेला १८८१ साली एक काउंटी केली होती, गव्हर्नरच्या सन्मानार्थ तिचं नाव ठेवलं होतं सेंट जॉन काउंटी. १८८७ मध्ये विधिमंडळानं ते नाव पुसलं आणि जनरल जॉन लोगन यांचं दिलं. हे लोगन १८८४ ला ब्लेनच्या जोडीनं उपाध्यक्षपदाला उभे होते. नकाशा उघडून बघा, आजही ती लोगन काउंटीच आहे.